पीजेच्या रुळाशेजारी जिनिंग उभी करायची तर

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वेवर, फॅक्टरी पायजे म्हटलं की बरेच जण बाहेरून किट मागवतात आणि मग युरोपातल्या कुठल्यातरी गावची बिल्डिंग आपल्या रुळाशेजारी येऊन बसते, दिसते छान पण आपली वाटत नाही. आपल्या खान्देशात रुळाच्या कडेला काय असतं भो, जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना), ऑइल मिल, दाल मिल, केळीचा माल भरायचा धक्का. मी पाचोरा-जामनेर लाइनच्या, म्हणजे आपल्या पीजेच्या, कडेची जिनिंग केली, ती कशी केली ते सांगतो.

आधी स्केलचं बघा. पीजेचा नॅरोगेज (दोन रुळांमधलं अंतर) 762 मिमी, एचओ या मॉडेल स्केलसाठी त्याला 87 ने भागलं की पावणेनऊच्या आसपास येतं, आणि एन या त्याहून लहान स्केलचा रूळ असतो 9 मिमीचा. म्हणजे रूळ, चाकं, मोटर एन स्केलची घ्यायची आणि बिल्डिंग, माणसं, बैलगाड्या सगळं एचओ म्हणजे 1:87 चं करायचं, पीजे जशीच्या तशी बसते. ब्रॉडगेजला हे जमत नाही, 1676 ला 87 ने भागलं तर 19 च्या वर जातं आणि एचओचा रूळ 16.5 चाच. खरी पीजे 2020 पासून बंद आहे, टेबलावर तरी ती शेंदुर्णी-पहूर करत जामनेरला जावी असं मला मनापासून वाटतं.

कटर हातात घ्यायच्या आधी कागदावर मालाची वाट काढा, ही पायरी कोणी सोडू नका. कापूस गेटातून येतो, वजनकाटा होतो, आवारात गंजी लागते, तिथून जिन हॉल, मग रुई प्रेसला, गाठी गोडाऊनला आणि गोडाऊनसमोर धक्का व सायडिंग (माल भरायला डबे उभे करायचा बाजूचा रूळ). सरकी दुसऱ्या दारानं ऑइल मिलकडे. 100 किलो कापसात रुई साधारण 33 ते 35 किलोच निघते, बाकी बहुतेक सगळी सरकी, त्यामुळे सरकीचं गोडाऊन कोपऱ्यात काडेपेटीएवढं ठेवलं तर जिनिंग पाहिलेला माणूस लगेच ओळखतो. माल कुठून कुठं जातो हे पक्कं झालं की दारं, रस्ते, धक्का आपोआप जागेवर पडतात.

भिंतींना 3 मिमी सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) चालतो, 10 फुटाची भिंत म्हणजे 35 मिमी. चिमणी मात्र मापात करू नका, 100 फुटी चिमणी 35 सेंटीमीटर होते आणि अख्खा लेआउट खाते, 20 सेंटीमीटरवर थांबा.

खरी गंमत पत्र्यात आहे. खोक्याच्या पुठ्ठ्याची नाळी खूप मोठी पडते, ते वापरू नका. जेवणाच्या पार्सलचा ॲल्युमिनियमचा डबा सपाट करा, जुन्या माउसपॅडवर ठेवा आणि 6 मिमीचा आटेवाला रॉड दाबून त्याच्यावरून एकदाच लाटा, साध्या रॉडला आटे 1 मिमीवर असतात आणि पन्हाळी पत्र्याची नाळी या स्केलला जवळपास तेवढीच येते. आटे फिरते असल्यामुळे रेघा किंचित तिरक्या उमटतात, म्हणून डब्याची कड धरून कापू नका, रेघ धरून गुण्यानं काटकोनात कापा. एकेक पत्रा 28 बाय साडेदहा मिमी, म्हणजे 8 फूट बाय 3 फूट. चिकटवताना वळचणीकडून सुरुवात करून वर जा, वरचा पत्रा खालच्यावर चढला पायजे, नाहीतर पाऊस आत जाईल असं छप्पर दिसतं. गंजाला रंग विकत आणू नका, गेरू म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड, कोरड्या ब्रशनं खिळ्यांच्या ओळीवर आणि खालच्या कडेला चोळा, मग पुसा, परत चोळा.

जमिनीला आपली काळी मातीच. चहाच्या गाळणीतून चाळा, तव्यावर भाजा, आणि लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तीन-चार वेळा मातीत फिरवा. आपली माती बेसाल्टची, तिच्यात लोखंडाचे बारीक कण असतात, ते पिशवीला काळ्या मिशीसारखे चिकटून येतात, हे काढले नाहीत तर इंजिनाच्या मोटरच्या मॅग्नेटला जाऊन बसतात. आवारात पातळ थर द्या, आधी पाणी फवारा, मग 1 भाग फेविकॉल, 3 भाग पाणी आणि थेंबभर भांड्याचा साबण असं ड्रॉपरनं सोडा. कडेच्या शेतात मात्र नुसत्या पाण्यात कालवून 3-4 मिमी थर पसरा आणि दोन दिवस हात लावू नका, वैशाखातल्या शेतासारख्या भेगा स्वतःहून पडतात, त्या पडल्यावरच फेविकॉलचं पाणी द्यायचं.

कापसाच्या गंजीला खरा कापूस लावला तर ढग वाटतो. मी पहिल्यांदा रवा लावला होता, पावसाळ्यात त्याला पोरकिडे लागले आणि सगळी गंजी काढून टाकावी लागली. आता थर्माकोलचा उंचवटा कापून त्याच्यावर फेविकॉलच्या पाण्यात कुस्करलेला टिश्यू पेपर थापतो, वरून साय-रंगाचा हात. गाठी मीटरभर लांब धरा, 12 मिमीचे ठोकळे, त्याला काळ्या दोऱ्याच्या पट्ट्या. लाल बादल्या विसरू नका, जिनिंगला आगीची भीती कायम असते, भिंतीवर ओळीनं टांगल्याच पायजेत.

आणि गोडाऊनची भिंत पक्की चिकटवायच्या आधी सगळ्यात लांब डबा हातानं ढकलत सायडिंगवरून न्या, वळणावर कोपरा धक्क्याला घासत असेल तर धक्का 2 मिमी मागे घ्या, मगच फेविकॉल लावा.