सीमा आधी, बस नंतर: आग्नेय आशियात बसने फिरताना या चुका टाळा

आग्नेय आशियातल्या लांब पल्ल्याच्या बस स्वस्त आहेत, भरपूर आहेत, आणि पुणे–नागपूर स्लीपरने गेलेल्या माणसाला त्यात अवघड वाटावं असं काही नाही. सहल फिसकटते ती बहुधा दोन जागी: सीमेवरच्या चौकीत, नाहीतर शहराबाहेरच्या बसस्थानकावर उतरल्यावर. म्हणूनच आधी तिकिटं आणि हॉस्टेल बुक करून मग व्हिसाकडे वळणं सगळ्यात महागात पडतं. क्रम उलटा ठेवा. कोणत्या चौकीतून कोणत्या देशात शिरणार हे ठरलं की बस आपोआप ठरते.

जुन्या मार्गावर विसंबणं

बँकॉकहून अरण्यप्रथेत–पोइपेट सीमा ओलांडून कंबोडियातलं सिएम रीप (अंगकोरच्या मंदिरांजवळचं शहर), हा वर्षानुवर्षं बॅकपॅकर्सचा ठरलेला रस्ता होता. जुन्या प्रवासवर्णनांत तो अजूनही तसाच दिलेला सापडतो. पण 2025 मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्यातला वाद चिघळला, जुलैत लढाई झाली, आणि जमिनीवरच्या चौक्या प्रवाशांना बंद झाल्या. डिसेंबरात पुन्हा तोफा धडाडल्या. तेव्हा या सीमेची त्या आठवड्यातली स्थिती पाहिल्याशिवाय कोणत्याही एजंटला पैसे देऊ नका. कंबोडिया करायचाच असेल तर बँकॉकहून विमान घ्या, किंवा लाओसमधून पाक्सेमार्गे दक्षिणेकडे खाली उतरा, किंवा सरळ व्हिएतनामच्या बाजूने शिरा.

व्हिसावरच्या नावात आणि चौकीत घोळ

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह ते व्हिएतनाममधलं सायगॉन (हो चि मिन्ह सिटी) हा बसचा रस्ता सोपा आहे: साधारण 230 किलोमीटर, सहा-सात तास, मध्ये बावेत (कंबोडियाची बाजू)–मोक बाय (व्हिएतनामची बाजू) ही चौकी. पण व्हिएतनामचा व्हिसा तिथे उभ्याउभ्या मिळत नाही. भारतीयांनी ई-व्हिसा आधीच काढलेला हवा. ऑगस्ट 2023 पासून तो 90 दिवसांपर्यंतचा मिळतो; एका प्रवेशाचे 25 डॉलर, अनेक प्रवेशांचे 50. अर्जात प्रवेशाची चौकी निवडावी लागते. बरेच जण सवयीने विमानतळ निवडतात आणि मग बसने मोक बायला येऊन अडकतात. बसने जाणार असाल तर तिथे मोक बायच निवडा. सायगॉनहून पुन्हा कंबोडियात यायचं असेल तर तेही आधीच ठरवा, कारण कंबोडियाचा पर्यटक ई-व्हिसा एकाच प्रवेशाचा असतो.

नावाचा घोळ तर खास आपल्याकडचा. आपल्या बहुतेक पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि आडनाव वेगळ्या ओळीत. अर्ज भरताना मधलं नाव गाळलं जातं, आणि चौकीतला अधिकारी पासपोर्ट व कागद शेजारी ठेवून मान हलवतो. पासपोर्टवर जे छापलंय ते अक्षरन् अक्षर तसंच भरा. प्रवासाला निघण्याआधी चूक लक्षात आली तर हट्टाने त्याच कागदावर जाऊ नका, नवीन अर्ज करा. 25 डॉलर जातील, पण सीमेवरून परत फिरावं लागलं तर त्याहून बरंच जास्त जाईल. अर्जाची सरकारी साइट ओळखायची खूण सोपी आहे: व्हिएतनामच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट व्हीएन’, कंबोडियाचा ‘गव्ह डॉट केएच’. दिसायला तशाच असणाऱ्या खासगी साइट दुप्पट-तिप्पट पैसे उकळतात.

बावेतला बसचा सहायक सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतो. ही तिथली रीतच आहे, घाबरू नका. मात्र पासपोर्ट परत आला की तो आपलाच आहे ना, एका देशाचा बाहेर पडल्याचा आणि दुसऱ्याचा आत आल्याचा शिक्का आहे ना, आणि त्यावरची तारीख बरोबर आहे ना, हे बस हलायच्या आत पाहा. शिक्का राहिला असेल तर तेव्हाच परत जाऊन घेता येतो. देश सोडताना ते लक्षात आलं की दंड आणि मनस्ताप दोन्ही.

सिंगापूर–मलेशिया बाजूला गोष्ट निराळी. वुडलँड्सला सगळं सामान घेऊन उतरायचं, सिंगापूरची तपासणी करायची, पुन्हा चढायचं, आणि मलेशियाच्या बाजूच्या जोहोर बाहरूला तेच पुन्हा. गाडी फार वेळ थांबत नाही. उतरतानाच बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढा आणि तिकीट खिशात ठेवा; गाडी निघून गेलीच तर त्याच कंपनीच्या पुढच्या बसला ते दाखवता येतं. बॅग सीटवर सोडून उतरू नका. सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड तिघांनाही येण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-कार्ड भरावं लागतं, आणि तिन्ही फुकट आहेत. थायलंडमधून मलेशियात शिरलात की घड्याळ एक तास पुढे करा, नाहीतर पेनांगची पुढची बस डोळ्यांदेखत जाईल.

‘बसस्थानक’ म्हणजे नेमकं कुठलं?

बँकॉकचं मो चित बसस्थानक आणि मो चित नावाचं स्कायट्रेन स्टेशन यांत चांगलं अंतर आहे. पाठीवर बॅग घेऊन ते चालत जाण्यासारखं नाही. शिवाय दक्षिणेच्या गाड्या साय ताय माय स्थानकातून सुटतात, पूर्वेच्या एक्कमायहून. क्वालालंपूरच्या बहुतेक दक्षिणेकडच्या गाड्या शहराच्या मध्यात थांबत नाहीत, त्या बंदार तासिक सेलातानच्या टीबीएस नावाच्या बसस्थानकाला येतात. तिथून लोकल ट्रेन घ्यायची. पेनांगचं तिकीट काढताना गाडी बेटावरच्या सुंगाई निबोंगला जाते की खाडीच्या अलीकडच्या बटरवर्थला, हे विचारा. सायगॉनचं नवं मिएन डोंग स्थानक शहरापासून बरंच लांब आहे, पण डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेली पहिली मेट्रो थेट त्याच्यापाशी संपते. टॅक्सीवाल्यांच्या गराड्यात सापडण्यापेक्षा तिच्याकडे वळा. मेट्रो नसेल तिथे ग्रॅब, म्हणजे ॲपवरून बोलवायची टॅक्सी.

रात्रीच्या स्लीपरमध्ये एक नियम मोडू नका: पासपोर्ट, पैसे, फोन पोटाशी, डिकीत कधीच नाही. व्हिएतनामच्या स्लीपरमध्ये चढतानाच बूट काढून पिशवीत घालायचे असतात, आणि उंच माणसाला बर्थ आखूडच पडतो.

सगळीकडे बसच हवी हा हट्ट

मी बसप्रेमी आहे, तरी सांगतो: दोन ठिकाणी बस सोडा. व्हिएतनाममध्ये ह्युए ते दा नांग बसने गेलात तर गाडी बोगद्यातून जाते आणि हाय वान घाट दिसतच नाही. रेल्वे मात्र समुद्राला चिकटून जाते. घाटासाठी स्कूटर भाड्याने घ्यायचा मोहही आवरा. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना व्हिएतनाम मानत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. दुसरं ठिकाण लाओस. व्हिएन्तियान ते लुआंग प्रबांग डोंगररस्त्याने दिवस मोडायचा. डिसेंबर 2021 पासून रेल्वे ते अंतर सुमारे दोन तासांत कापते.

दारावरच्या चुका

कंबोडियातल्या अंगकोरच्या मंदिरांचं तिकीट मंदिराच्या दारात मिळत नाही. ते अधिकृत केंद्रावर किंवा ऑनलाइन काढायचं. एक दिवसाचे 37 डॉलर, तीन दिवसांचे 62. तीन दिवस सलग लागत नाहीत, तेव्हा शक्य असेल तर तेच घ्या. एका दिवसात अंगकोर वाट, बायोन आणि ता प्रोह्म उरकणं हा त्या दगडांवर अन्याय आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसलाही हेच, आणि बाहेर कोणी ‘आज राजवाडा बंद आहे, मी दुसरीकडे नेतो’ म्हणालं तर न थांबता दारापर्यंत जा. त्याची टुकटुक (तिचाकी रिक्षा) रत्नांच्या दुकानात थांबते.

कंबोडियात डॉलर चालतात, पण फाटकी किंवा डाग पडलेली नोट कोणी घेत नाही. भारतातून निघतानाच कोऱ्या नोटा मागून घ्या. व्हिएतनाममध्ये 20,000 आणि 5,00,000 डोंगच्या नोटा दोन्ही निळ्या असतात. रात्री अंधारात टॅक्सीचे पैसे देताना शून्यं मोजा.

दिवाळीची सुट्टी आणि मध्य व्हिएतनाम

आपल्याकडे सुट्टी दिवाळीत, आणि नेमका ऑक्टोबर-नोव्हेंबर हा ह्युए–होई आन पट्ट्याचा पुराचा काळ. 2025 च्या ऑक्टोबरअखेरीस होई आनच्या जुन्या गल्ल्यांतून होड्या फिरत होत्या आणि रस्ते बंद होते. दिवाळीत व्हिएतनामच करायचं असेल तर हनोई आणि निन्ह बिन्ह धरा. तिथली हवा तेव्हा सगळ्यात छान असते, आणि त्या दोघांमधली बस दोन तासांची आहे.