जवान आजाराने गेला तर घरच्यांनी पेन्शनचे कागद कसे लावायचे

माझा थोरला भाऊ हवालदार होता. राजस्थानात फील्डला असताना मे महिन्यात हार्ट अटॅकने गेला, सोळा वर्षं सर्व्हिस झाली होती. दोन महिन्यांनी वहिनीच्या नावाने इंग्रजीत तीन ओळींचं पत्र आलं की आजाराचा सर्व्हिसशी संबंध नाही म्हणून स्पेशल फॅमिली पेन्शन मिळणार नाही, साधी मिळेल. वहिनीने ते पत्र दादाच्या काळ्या ट्रंकेत वर्दीखाली ठेवून दिलं, आम्हालाही वाटलं सरकारने लिहिलंय म्हणजे विषय संपला. तो संपलेला नव्हता. अपील केलं, दीड वर्षाने मंजूर झालं. त्या दीड वर्षात जे कळलं ते सगळं इथे लिहितोय, कारण सातारा, सांगली, कोल्हापूरकडे आर्मीतली घरं भरपूर आणि आजाराने गेलेल्या जवानाच्या घरी काय करायचं हे सांगणारं कोणी नसतं.

सगळ्यात आधी एक शब्द पाठ करा, ॲट्रिब्युटेबल. मृत्यू सर्व्हिसमुळे झाला, किंवा आजार सर्व्हिसमुळे वाढला (याला ॲग्रावेटेड म्हणतात), असं कागदावर आलं की केस बी कॅटेगरीत जाते आणि स्पेशल फॅमिली पेन्शन लागते. संबंध नाही असं आलं की ए कॅटेगरी, मग ऑर्डिनरी पेन्शन. ड्युटीवरचा अपघात सी मध्ये, अतिरेकी हल्ला वगैरे डी मध्ये, लढाई ई मध्ये. आजाराने गेलेल्या जवानाची केस बहुतेक ए आणि बी च्या मध्येच अडकते.

आता पैशात फरक किती ते बघा, कारण बरीच घरं इथेच फसतात. समजा बेसिक 35,000 आणि एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) 5,200, म्हणजे 40,200. स्पेशल पेन्शन याच्या 60 टक्के, म्हणजे 24,120. ऑर्डिनरी पेन्शन सर्व्हिसमध्ये असताना मृत्यू झाला तर पहिली 10 वर्षं 50 टक्के मिळते, म्हणजे 20,100. दोन्हीवर महागाई भत्ता वेगळा. चार हजाराचा फरक बघून लोक म्हणतात जाऊ दे, कोण भांडत बसणार. पण 10 वर्षांनी ऑर्डिनरी 30 टक्क्यांवर येते, म्हणजे 12,060, आणि स्पेशल मात्र 60 टक्केच राहते. म्हणजे नेमकी मुलं कॉलेजला जायच्या वेळी पेन्शन 40 टक्क्यांनी घटते आणि तेव्हा जुने कागद शोधायला युनिटमधले ओळखीचे साहेब पण राहिलेले नसतात. म्हणून अपील करायचं तर लगेच करा.

पेन्शन सोडून बाकीचे पैसे कारण काहीही असलं तरी मिळतात. डेथ ग्रॅच्युइटी सर्व्हिसच्या वर्षांवर असते, 5 ते 11 वर्षं झाली असतील तर पगाराच्या 12 पट, 11 ते 20 असतील तर 20 पट, 1 जानेवारी 2024 पासून कमाल 25 लाख. ग्रुप इन्शुरन्सचे पैसे (आर्मीला एजीआयएफ म्हणजे आर्मीचा ग्रुप इन्शुरन्स फंड, एअर फोर्स आणि नेव्हीची आपापली स्कीम), प्रॉव्हिडंट फंड, शिल्लक रजेचे पैसे हे सगळं वेगळं. यातल्या इन्शुरन्सला नॉमिनेशन बघतात, आणि पुष्कळ पोरांनी भरतीच्या वेळी आईचं किंवा वडलांचं नाव टाकलेलं असतं ते लग्नानंतर बदललेलंच नसतं. तसं असेल तर घरातल्या घरात बसून शांतपणे बोला, सासू-सुनेचं भांडण ऑफिसपर्यंत गेलं की सगळेच पैसे अडकतात. फॅमिली पेन्शनला मात्र नॉमिनेशन लागत नाही, ती नियमाने आधी पत्नीला. जवान अविवाहित असेल तर आईवडील अर्ज करू शकतात.

बँकेच्या सॅलरी पॅकेजबद्दल पण विचारा, पण त्यातला मोठा आकडा बहुतेक अपघाती मृत्यूचा असतो, आजाराला तो लागत नाही, तेव्हा त्या भरवशावर कर्ज काढू नका.

एक्स ग्रेशियाचं, म्हणजे सरकारकडून मिळणाऱ्या एकरकमी मदतीचं गणित वेगळं आहे. केंद्राचे 25 लाख ड्युटीवरचा अपघात किंवा अतिरेकी हल्ला यासाठी, साध्या आजाराला ते मिळत नाहीत. पण ठरवलेल्या अति उंच भागात, दुर्गम बॉर्डर पोस्टवर, अतिशय वाईट हवामानामुळे मृत्यू झाला तर 35 लाख आहेत. सियाचीनला फुफ्फुसात पाणी होऊन पोरगा गेला तर घरचे आजार म्हणून गप्प बसतात, तसं करू नका, पोस्ट कुठली होती आणि किती उंचीवर होती हे युनिटकडून लेखी घ्या.

अग्निवीर असेल तर हाच शब्द आणखी महाग पडतो. त्यांच्या घरच्यांना फॅमिली पेन्शन नाही. 48 लाखांचा इन्शुरन्स कारण काहीही असलं तरी आहे, पण मृत्यू सर्व्हिसमुळे मानला गेला तर वर 44 लाख एक्स ग्रेशिया, शिवाय चार वर्षांतल्या राहिलेल्या काळाचा पगार आणि सेवा निधी (अग्निवीराच्या पगारातून आणि सरकारकडून जमणारा फंड). मानला नाही गेला तर इन्शुरन्स आणि तोपर्यंत जमलेला सेवा निधी, एवढंच.

आता कागद. पहिल्या पंधरा दिवसांत घरात कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं, म्हणून दीर, भाऊ, मेहुणा, कोणीतरी एकाने फाइल आपल्याकडे घ्यावी. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, गावच्या ग्रामपंचायतीत नाही, त्यामुळे बॉडीसोबत युनिटचे जे जेसीओ (सुभेदार वगैरे) साहेब येतात त्यांनाच सांगून ठेवा की दाखल्याच्या दहा-पंधरा मूळ प्रती तिथूनच काढून पाठवा, नंतर जोधपूर किंवा लेहला कोण जाणार. दादाचा मोबाइल नंबर बंद करू नका, रिचार्ज मारत राहा, बँकेचे आणि स्पर्शचे (डिफेन्स पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल) ओटीपी त्याच्यावर येऊ शकतात. त्याची ट्रंक आणि बॅग कोणाला देऊ नका, धुवायला कपडे काढताना खिशातला एकेक कागद बघा. आम्हाला दादाच्या जॅकेटच्या आतल्या खिशात एमआय रूमची (युनिटच्या दवाखान्याची) घडी घातलेली चिठ्ठी सापडली, तारीख मृत्यूच्या नऊ दिवस आधीची, छातीत जळजळ म्हणून गोळ्या दिल्या होत्या आणि परत ड्युटीवर पाठवलं होतं. त्या एका चिठ्ठीने आमची केस उभी राहिली.

नावांचा घोळ हा आपल्याकडचा मोठा प्रॉब्लेम आहे. लग्नात मुलीचं नाव बदलतात, मग शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आणि दादाने युनिटमध्ये लग्नाची पार्ट टू ऑर्डर (सर्व्हिस रेकॉर्डमधली नोंद) केली तेव्हा क्लर्कने तिसरंच लिहिलेलं. रेकॉर्ड ऑफिस फक्त आपल्या रेकॉर्डमधलं नाव मानतं. वहिनीच्या नावात एक काना जास्त होता, तेवढ्यावर फाइल चार महिने परत आली. ॲफिडेव्हिट आणि लागलं तर गॅझेट करून घ्या, मुलांच्या जन्मतारखा पण तपासा.

हे सगळं कुठे पाठवायचं तर रेकॉर्ड ऑफिसला, आणि ते रेजिमेंटप्रमाणे बदलतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, आर्टिलरीचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. आर्मीची पीपीओ (पेन्शन मंजुरीची ऑर्डर) प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन ऑफिसमधून निघते आणि पैसे स्पर्शवरून खात्यात येतात. खातं फक्त पत्नीच्या नावाचं, पॅन आणि आधारवर स्वतःचा मोबाइल. मध्ये मदतीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय (यालाच सैनिक बोर्ड म्हणतात) आहे, तिथे एक पैसा लागत नाही. टक्केवारी मागणारे एजंट दारात येतात त्यांना चहा पण देऊ नका.

आता खरं काम, ॲट्रिब्युटेबल मिळवायचं कसं. युनिटच्या सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांना साध्या शब्दांत अर्ज करा आणि चार गोष्टी मागा. मृत्यूचं कारण सांगणारे हॉस्पिटलचे कागद आणि केस शीट, शेवटच्या काही वर्षांचं पोस्टिंग प्रोफाइल (फील्ड किती, हाय अल्टिट्यूड किती, पीस म्हणजे शांत ठिकाणचं किती), भरतीच्या वेळचे आणि नंतरचे मेडिकल रिपोर्ट, आणि हार्टची केस असेल तर शेवटच्या 14 दिवसांत काय काय ड्युटी केली त्याचा चार्टर (तक्ता). हा 14 दिवसांचा चार्टर हार्टच्या केसमध्ये डॉक्टर लोक बघतातच. दादाच्या चार्टरमध्ये रात्रीची गार्ड ड्युटी, भर उन्हात एक्सरसाइझ आणि दोन दिवसांचा गाडीचा प्रवास होता, आणि पहिल्या निर्णयाच्या वेळी तो चार्टर फाइलला लावलेलाच नव्हता.

आजाराप्रमाणे मुद्दा बदलतो. टीबी, मलेरिया, कावीळ असेल तर तो ज्या भागात होता तिथे लागण झाली हे दाखवा. उंचीवर फुफ्फुस किंवा मेंदूला सूज आली तर पोस्टच पुरावा आहे. कॅन्सरला अवघड जातं, तिथे केमिकल किंवा रेडिएशनचं काम होतं का, किंवा फील्डला असल्यामुळे तपासणी उशिरा झाली का ते शोधा, कारण उशिरा उपचार मिळून आजार वाढला तर तो ॲग्रावेटेड मध्ये बसू शकतो.

कागद देत नाहीत असं वाटलं तर आरटीआय टाका, दहा रुपये फी आणि 30 दिवस. वहिनीच्या सहीने टाकला तर बरं, पत्नीला नवऱ्याचे मेडिकल कागद मागताना अडचण कमी येते.

नकाराचं पत्र आलं की त्यावर आल्याची तारीख लिहून ठेवा, तिथून 6 महिन्यांत पहिलं अपील. ते फेटाळलं तर परत 6 महिन्यांत दुसरं. अपिलात रडून लिहू नका, आमचं पहिलं ड्राफ्ट तसंच झालं होतं, एका रिटायर्ड सुभेदार क्लर्क काकांनी ते फाडून दुसरं लिहून दिलं. त्यात त्यांनी लिहिलं की भरतीच्या वेळी जवान पूर्ण फिट, शेप वन (आर्मीची सगळ्यात वरची मेडिकल कॅटेगरी) होता, हा आजार तेव्हा नोंदलेला नाही, सर्व्हिसमध्ये असताना झाला, आणि संबंध नाही असं म्हणायचं तर डॉक्टरांनी कारण द्यायला हवं, नुसतं नाही लिहून चालत नाही. याला सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या धर्मवीर सिंग केसचा आधार आहे, ती डिसॅबिलिटी पेन्शनची केस आहे पण तत्त्व अपिलात मांडता येतं. एक लक्षात ठेवा, 21 सप्टेंबर 2023 पासून नवीन एन्टायटलमेंट रूल्स (अशी पेन्शन कोणाला द्यायची ते ठरवणारे नियम) आलेत आणि ते जास्त कडक आहेत, त्यामुळे नवीन केसमध्ये नुसत्या त्या निकालावर विसंबू नका, चार्टर आणि मेडिकल कागद पक्के लावा.

दोन्ही अपिलं फेटाळली गेली तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल (सैन्याच्या केसेसचं वेगळं कोर्ट), आपल्याला मुंबई बेंच. वकिलाची फी ऐकून मागे फिरू नका, बाईला उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, 1987 च्या कायद्यात तसं आहे, आणि 2025 पासून नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) वीर परिवार सहायता योजनेत सैनिक बोर्डात पण लीगल क्लिनिक सुरू झालेत. बरीच वर्षं उलटून गेली असतील तरी जाऊन विचारा, पेन्शन दर महिन्याची गोष्ट असल्यामुळे केस उभी राहू शकते, मात्र मागची थकबाकी बहुतेक तीन वर्षांचीच मिळते.

ॲट्रिब्युटेबल झालं की त्या ऑर्डरची कॉपी लॅमिनेट नका करू, झेरॉक्स काढून ठेवा, पुढे मुलांना लागते. मेडिकल, इंजिनिअरिंगला डिफेन्स कोट्यातून ॲडमिशन घेताना आणि पंतप्रधान स्कॉलरशिपला (मुलींना महिना 3,000, मुलांना 2,500) सर्व्हिसमुळे मृत्यू झालेल्यांच्या मुलांची प्रायॉरिटी वरची असते. हवालदार रँकपर्यंतच्या घरांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दोन मुलांच्या शिक्षणाची मदत आहे, 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना ती महिना 1,000 वरून 2,000 झाली आणि मुलीच्या लग्नाची 50,000 वरून 1 लाख. अर्ज ऑनलाइन, पण सैनिक बोर्डातून व्हेरिफाय होतो. ईसीएचएस कार्ड (माजी सैनिकांच्या घरच्यांसाठी उपचाराची स्कीम) आणि कँटीन कार्ड वहिनीच्या नावाने करून घ्या, ग्रामपंचायतीत सैनिक पत्नीसाठी घरपट्टी माफीचा अर्ज द्या. मुलांना शहरात शिकायला ठेवायचं असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिकी वसतिगृहं आहेत.

दर वर्षी हयातीचा दाखला विसरला की पेन्शन थांबते, वहिनी नोव्हेंबरमध्ये दिवाळीची साफसफाई झाली की सीएससी सेंटरला जाऊन अंगठा देऊन येते.

आणि ज्यांचा माणूस अजून सर्व्हिसमध्ये आहे त्यांनी हे वाचून घाबरू नका, फक्त पुढच्या सुट्टीला तो आला की एक दिवस काढा, पार्ट टू ऑर्डरमधलं बायकोचं आणि मुलांचं नाव, इन्शुरन्सचं नॉमिनेशन आणि एमआय रूमच्या सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो एका ठिकाणी करून ठेवा, आणि ते कुठे आहेत हे घरातल्या बाईला माहीत असू द्या.