पेटीचं झाकण ढकलणारा साप

पाळलेला साप झाकण ढकलायला लागला की बहुतेक जण आधी कडी-कुलूप आणतात. ते लागतंच, पण त्याने साप ढकलायचा थांबत नाही. कोकणात ढकलण्यामागे बहुधा गरमी असते. पाळण्याबद्दलची बरीचशी माहिती थंड देशांतून येते, आणि तिथला सगळा खटाटोप पेटी ऊबदार ठेवण्याचा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच ३३-३४ अंशांवर जाते. पेटीत थंड कोपरा उरला नाही की साप तो बाहेर शोधतो.

हे सगळं बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या दोन परदेशी जातींबद्दल आहे. धामण, अजगर, नाग असे आपले साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार गुन्हा आहे. बॉल पायथन सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात असल्याने २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. साप सुटला आणि शेजाऱ्यांनी वनखात्याला कळवलं, तर पहिली विचारणा याच कागदाची होते.

रात्री साप पेटीभर फिरतो ते नेहमीचंच, त्याची काळजी नको. पण तोच कोपरा तासन् तास नाकाने ढकलणं, जाळीला तोंड घासणं, नाकावरचा खवला लालसर होणं किंवा निघणं, हे दिसलं की काहीतरी बिनसलंय असं समजावं.

आधी तापमान बघा. वायर असलेले दोन डिजिटल थर्मामीटर घ्या आणि त्यांची टोकं जमिनीलगत, पेटीच्या दोन्ही टोकांना ठेवा. काचेला चिकटवायची गोल तबकडी हवेचं तापमान दाखवते, आणि साप तर जमिनीवर असतो. बॉल पायथनला गरम बाजू ३१ ते ३३ आणि थंड बाजू २५ ते २७ अंश हवी. कॉर्न स्नेकला २८ ते ३० आणि २२ ते २५. आकडा दुपारी तीनला वाचा, सकाळचा फसवतो. उन्हाळ्यात थंड बाजू ३० च्या वर गेली की हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) सरळ बंद करायची. पेटी पत्र्याखालून किंवा पश्चिमेच्या भिंतीपासून हलवून माजघरात जमिनीवर आणायची. तरी भागलं नाही तर बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून थंड टोकाच्या झाकणावर बाहेरून ठेवायची. आत ठेवली तर पाणी सुटून सगळा तळ ओला होतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मॅट लागेल, पण थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या उपकरणाशिवाय नाही. नुसती मॅट ४० च्या वर सहज जाते आणि पोट भाजतं. मॅटने तळाचा तिसरा हिस्साच झाकावा.

पावसाळ्यातली तऱ्हा वेगळी. बाहेरचीच आर्द्रता ८५-९० टक्के, आणि कॉर्न स्नेकला ४० ते ६० पुरते. अशा वेळी नारळाच्या भुशाचा थर काढून साधा वर्तमानपत्राचा कागद घालावा, ओला दिसला की लगेच बदलावा. पाण्याचं भांडं गरम टोकापासून लांब ठेवा. हवेची भोकं एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर असतील तर वारा खेळतो. सगळी वरच असली तर दमटपणा तळाशी साचतो. पोटाखालचे खवले तपकिरी पडले किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला, तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडेच न्यायचं.

लपायच्या जागा दोन हव्यात, दोन्ही टोकांना एकेक, आणि अंगाला घट्ट बसतील अशा. एकच ठेवली तर सापाला लपणं आणि योग्य तापमान यातलं एक सोडावं लागतं. पिल्लाला कडा घासून गुळगुळीत केलेली करवंटी छान होते. याशिवाय भूक आणि विणीच्या काळातली नराची भटकंती ही कारणंही असतात. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी आहे ना ते तपासा. विणीच्या काळातल्या नराला मात्र वेळच उपाय.

आता पेटी. डोकं शिरलं की अंग निघतंच, हे धरून चाला. साधी पेन्सिल ज्या फटीत जाते, तिच्यातून कॉर्न स्नेकचं पिल्लू जातं. रात्री खोलीत अंधार करून पेटीत टॉर्च लावा आणि बाहेरून चारी बाजूंनी फिरून बघा. उजेडाची रेघ दिसली की तिथे फट आहे. सरकत्या काचा असतील तर दोन काचांच्या मधली फट हमखास विसरते. तिला ब्रशची पट्टी लावायची आणि वर शोकेसचं कुलूप. वायरच्या भोकाला मत्स्यालयाचं सिलिकॉन भरा, आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत साप आत ठेवू नका. चिकटपट्टी पेटीच्या आत कुठेही नको. ती खवल्यांना चिकटली तर कातडी ओरबाडून निघते.

झाकणावर वीट ठेवणं हा उपाय नव्हे. साप एक कोपरा उचलतो, वीट मधोमध तशीच राहते. चारी कोपऱ्यांना क्लिपा लागतात. किनाऱ्यालगतच्या गावात खाऱ्या हवेने साध्या लोखंडी क्लिपा आणि जाळी गंजते, म्हणून ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील घ्यावं. साधा प्लायवूड पावसात फुगून दार घट्ट बसतं आणि दिवाळीनंतर वाळला की फट पडते. पाण्यात टिकणारा मरीन प्लाय वापरा, आणि तरी ऑक्टोबरमध्ये टॉर्चची तपासणी पुन्हा करा.

साप सुटलाच तर दारं बंद करून उंबऱ्याखालच्या फटींत फडकी कोंबा. बॉल पायथन खाली, अंधारात, अडचणीत जातो: फ्रिजमागे, इन्व्हर्टरजवळ, कपाटाखाली. कॉर्न स्नेक चढतो, त्यामुळे कौलारू घरात वासे आणि माळा आधी. प्रत्येक दाराशी तांदळाच्या पिठाचा पातळ थर द्या, भिंतीलगत कुरकुरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पसरा, आणि दिवे मालवून रात्री टॉर्च घेऊन फिरा.

दिसलेला साप आपलाच असेल असं मात्र धरू नका. जांभ्याच्या कातळावर फुरसं भरपूर, आणि घोणस घराजवळ येते. ठिपक्या-ठिपक्यांचा जाडसर साप अर्धवट उजेडात बघून हात घालायचा नाही. उलट बाजूही तशीच: शेजाऱ्याला बॉल पायथन घोणसच वाटणार आणि तो काठी उचलणार. म्हणून लाज न बाळगता वाडीत लगेच सांगा, फोनवर फोटो दाखवा. ओळख पटत नसेल तर लांब राहून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

सापडला की लगेच खायला घालू नका, फक्त पाणी द्या. ज्या फटीतून गेला ती सापडेपर्यंत त्याच पेटीत परतही नको. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्याला सोल्डरिंग आयर्नने तीन मिलिमीटरची भोकं पाडा, आतून कडा घासा, तळाला कागद घाला आणि तोवर त्यात ठेवा.