स्पोर्ट्स कार पावसाळाभर उभी ठेवायची तर

खानदेशात स्पोर्ट्स कार झाकून ठेवायचा काळ बहुतेक घरांत ठरलेला असतो. मृग लागायच्या आत गाडी गॅरेजात जाते आणि दिवाळीच्या सुमारास बाहेर निघते. मधले चार-पाच महिने रस्त्यात खड्डे, पाणी आणि चिखल, आणि मालक बऱ्याचदा पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशात. या काळात गाडीचं नुकसान होतं ते दमट हवेनं, उंदरांनी आणि नुसतं उभं राहिल्यानं. म्हणून तयारी आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) लगेच सुरू करावी. जळगाव-भुसावळकडे तेव्हा पारा ४२-४५ अंशांवर असतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. धुतलेली गाडी खालपासून वरपर्यंत एका दिवसात वाळते. पहिला पाऊस पडून गेल्यावर झाकलेली गाडी मात्र ओल आत घेऊनच बंद होते.

आधी जागा बघा. काळ्या मातीवर उभी ठेवणं साफ चूक. ही माती पाणी धरते, फुगते आणि महिनोन्‌महिने खालून दमटपणा सोडत राहते. पक्का कोबा हवा. त्यावर जाड प्लास्टिकचा कागद आणि चाकांखाली प्लायवूडचे तुकडे टाका. शेताजवळच्या गोदामात गाडी ठेवायचा मोह होतो, पण खताची पोती असतील तिथे ती एक दिवसही ठेवू नका. खतातले क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि ब्रेकच्या नळ्या, वायरिंगची टोकं, ॲल्युमिनियमचे भाग खातात. सरकी, ढेप किंवा मका साठवलेली जागाही नको, तिथे उंदीर हमखास असतात. पत्र्याची शेड चालेल, पण छत गळत नाही ना ते आधी पाणी ओतून तपासा.

गाडी नीट धुवा, आणि वरून जितकी धुवाल त्याहून जास्त खालून. चाकांच्या कमानीत साचलेली माती पावसाळाभर ओली राहते आणि गंज तिथून सुरू होतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारयुक्त असतं. उन्हात वाळलं की रंगावर पांढरे डाग बसतात, म्हणून शेवटचा हात आरओच्या पाण्याचा फिरवा आणि लगेच मऊ कापडानं टिपा. मग मेणाचा एक थर द्या. धुऊन झाल्यावर गाडी १५-२० किलोमीटर चालवून आणा, म्हणजे डिस्क, सायलेन्सर आणि सांध्यांतलं पाणी उडून जाईल.

इंजिन ऑइल आणि फिल्टर ठेवताना बदला, काढताना नाही. वापरलेल्या तेलात जळणाचे अंश, पाणी आणि आम्लं असतात आणि ती बेअरिंगवर महिनोन्‌महिने बसून राहतात. कूलंटची पातळी बघून घ्या. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. दोन वर्षं झाली असतील तर तेही आत्ताच बदला.

पेट्रोलचा मुद्दा पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झालाय, कारण आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाण्याचा वेगळा थर टाकीच्या तळाशी बसतो, आणि टाकीतल्या पंपाचं तोंड नेमकं तिथेच असतं. टाकी भरलेली असली की वर हवा कमी राहते, म्हणून ती भरून ठेवा. पण पंपाची नळी आपोआप थांबली की पुढे एक थेंबही घालू नका. वाफ पकडणाऱ्या कोळशाच्या डब्यात पेट्रोल गेलं तर तो डबा बाद होतो. फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव्य, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच घ्या. पेट्रोल भरायच्या आधी तो टाकीत ओता आणि नंतर किमान दहा मिनिटं गाडी चालवा, म्हणजे इंजेक्टरपर्यंत पोचेल.

रुंद, कमी उंचीच्या टायरांना एकाच जागी उभं राहिल्यानं सपाट चट्टे पडतात. हवा नेहमीपेक्षा ८-१० पीएसआय जास्त भरा, फक्त टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. मे महिन्यात हे काम पहाटेच करा, कारण दुपारी तापलेल्या टायरचा आकडा खोटा असतो. गाडी स्टँडवर उचलून ठेवण्याच्या बाजूचे आम्ही नाही. सस्पेन्शन खाली लोंबकळत राहतं, रबरी बुश ताणले जातात आणि शॉक ॲबसॉर्बरचा दांडा उघडा पडतो. हँडब्रेक ओढून ठेवू नका. आपल्या पावसाळ्यात पॅड डिस्कला चिकटतात आणि सोडवताना अस्तर निघून येतं. मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक पी मध्ये, आणि चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. इलेक्ट्रिक हँडब्रेक बऱ्याच गाड्यांत गाडी बंद करताच आपोआप लागतो. तो मोकळा कसा ठेवायचा ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, आणि ते बॅटरी जिवंत असतानाच करावं लागतं.

बॅटरीला जास्त वेळ द्या. कुलूप, अलार्म आणि कॉम्प्युटर मिळून बंद गाडीही ५० मिलिअँपिअरपर्यंत वीज खाते. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांची बॅटरी महिनाभरात निम्म्याहून खाली येते, आणि अशी अर्धी रिकामी बॅटरी उन्हाळ्यात पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट जमून ती कायमची जाते. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या वर दिसते, १२.४ च्या खाली जाऊ देऊ नका. चार्ज टिकवून ठेवणारा स्मार्ट चार्जर घ्या, पण लाईट जाऊन आली की तो आधीच्या मोडवर आपणहून सुरू होतो का हे दुकानातच प्लग काढून-लावून बघा. काही चार्जर बटण दाबल्याशिवाय परत चालू होत नाहीत, आणि गावाकडे लाईट दिवसातून किती वेळा जाते हे सांगायला नको. सोबत सर्ज प्रोटेक्टर हवाच. लिथियम बॅटरी असेल तर चार्जरही लिथियमचाच लागतो.

चार्जर लावणं शक्य नसेल तर आधी ऋण टोक सोडवा. पण त्याआधी एक गोष्ट नक्की करा: बॅटरी ज्या झाकणाखाली आहे ते विजेशिवाय उघडतं का ते पाहा. पोर्श ९११ च्या ९९७ आणि ९९१ पिढ्यांत पुढचं झाकण विजेवर उघडतं. बॅटरी उतरली तर केबिनमध्ये पायाजवळच्या फ्यूज बॉक्समधलं धन टोक बाहेर ओढून बाहेरची बॅटरी जोडावी लागते. दाराची साधी चावी रिमोटमधून कशी निघते हेही आत्ताच शिकून घ्या.

उंदरांसाठी सायलेन्सरच्या तोंडात आणि हवेच्या नळीत स्टीलची जाळी घट्ट बसवा, प्रत्येकीला लाल फडकं बांधा, म्हणजे काढायची विसरणार नाही. डांबरगोळ्या इंजिनकडे ठेवता येतात, केबिनमध्ये मुळीच नको. तो वास चामड्यात मुरतो. केबिनमधला खाण्याचा कणन्‌कण काढा. चामडं पुसून कंडिशनर लावा. सीटखाली सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा. कापडी छत पूर्ण वाळवून, वर चढवून ठेवा. दुमडून ठेवलेल्या ओलसर घडीत बुरशी येते. कव्हर हवा खेळेल असं सुती. प्लास्टिकखाली रात्री घाम सुटतो.

विमा चालू ठेवा. तो संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो. पीयूसीची तारीखही लिहून ठेवा.

घरच्यांना एक गोष्ट बजावून सांगा: दर रविवारी पाच मिनिटं इंजिन सुरू करायचं नाही. काळजीपोटी हे सर्रास केलं जातं आणि त्यानंच नुकसान होतं. इंजिन पूर्ण तापत नाही, जळण्यातून तयार झालेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये राहतं, आणि सुरू करताना गेलेली वीज परत भरली जात नाही. त्यापेक्षा मध्ये एकदा नीट तपासणी करा. श्रावणात कानबाईच्या उत्सवाला सगळे गावी जमतात, तो दिवस सोयीचा. कव्हर काढून उंदराच्या लेंड्या, बुरशी, खाली सांडलेलं तेल बघा, व्होल्ट मोजा आणि ठोकळे काढून, गिअर सोडवून गाडी हातानं पाव चाक पुढे ढकला.

जे जे बदललं ते कागदावर लिहून तो स्टिअरिंगला बांधा: जाळ्या किती आणि कुठे, हवा किती, हँडब्रेक मोकळा, बॅटरी सोडवलेली. दिवाळीत गाडी काढताना त्याच कागदावरून एकेक गोष्ट उलट करा. एअर फिल्टर उघडून घरटं नाही ना पाहा, तेल आणि कूलंट तपासा, टायरची हवा मूळ आकड्यावर आणा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवला तर पेट्रोल बंद राहतं. तसं पाच-सहा सेकंद फिरवून तेल वर चढू द्या, मगच इंजिन सुरू करा. पहिले ब्रेक हलक्या पायानं मारा, डिस्कवरचा तांबूस गंज घासला जाऊन खरखर थांबेल. तेल तापेपर्यंत ३,००० आरपीएमच्या खाली राहा. सुरुवातीचे १५-२० किलोमीटर स्टिअरिंग थरथरलं तर ते टायरचे चट्टे, बहुधा आपोआप जातात. ४० किलोमीटरनंतरही थरथर राहिली तर टायर काढून तपासून घ्या.