राजीनामा टाकण्याआधी ऑफर लेटर असं वाचा

१८ लाखांची ऑफर म्हणजे महिन्याला दीड लाख हातात, असं धरून चालणारे पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या आयटी पार्कांत अजूनही भेटतात. पहिली पगार स्लिप आली की हिशेब कळतो, पण तोवर जुनी नोकरी सुटलेली असते. म्हणून एचआरकडून फक्त सीटीसीचा (कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च) आकडा घेऊ नका, महिन्यावार ब्रेकअप मागा आणि तो मेलवरच घ्या.

मग वजाबाकी करा. समजा १८ लाखांत बेसिक (मूळ पगार) ९ लाख आहे आणि व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर बदलणारा भाग, सीटीसीच्या १० टक्के. व्हेरिएबलचे १,८०,००० बाजूला ठेवा, ते रेटिंगवर आणि कंपनीच्या वर्षावर अवलंबून. कंपनीचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,०८,०००. ग्रॅच्युइटी (बरीच वर्षं काढून नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) बेसिकच्या ४.८१ टक्के, ४३,२९०. ग्रुप मेडिक्लेमचे १२,००० धरू. उरले १४,५६,७१०, म्हणजे महिना १,२१,३९२. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ९,०००, प्रोफेशनल टॅक्स २०० (महाराष्ट्रात फेब्रुवारीत ३००) आणि २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीने टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा आयकर) सुमारे ७,५६० जाणार. हातात येतात १,०४,६०० च्या आसपास.

यातली ग्रॅच्युइटी फसवी. कायम नोकरीत पाच वर्षं काढली तरच ती मिळते, आणि आयटीत दोन-तीन वर्षांत उडी मारणारे कमी नाहीत. पीएफकडेही बघा. काही कंपन्या पूर्ण बेसिकवर कापतात, काही १५,००० ची मर्यादा धरून महिन्याला १,८०० च. दुसऱ्या प्रकारात हातात जास्त येतं म्हणून ती ऑफर मोठी वाटते, पण तेवढी बचतही कमी होते. दोन ऑफर्सची तुलना करायची तर प्रत्येकीतला फिक्स्ड पगार आणि कंपनीच्या वाट्याचा पीएफ यांची बेरीज समोरासमोर ठेवा. व्हेरिएबल त्यात धरायचंच नाही.

जॉइनिंग बोनस असेल तर त्याखालचं बारीक अक्षरातलं कलम वाचा. बहुतेक ठिकाणी १२ महिन्यांच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो. तुम्हाला तो टीडीएस कापून मिळालेला असतो. परत करताना कापून आलेली रक्कम द्यायची की कापण्याआधीची, हे सही करण्याआधी लेखी विचारा. शेअर्स देणार असतील तर व्हेस्टिंग, म्हणजे ते टप्प्याटप्प्याने तुमच्या मालकीचे होणं, साधारण चार वर्षांचं असतं, आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडलं तर हाती काहीच लागत नाही. शेअर बाजारात नोंदणी न झालेल्या स्टार्टअपचे ईसॉप (कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावात शेअर घेण्याचा हक्क) पगारवाढीच्या बदल्यात घेणं हा जुगार आहे. परवडत असेल तरच खेळा.

राजीनामा सही-शिक्क्याच्या ऑफर लेटरनंतरच. ‘लेटर ऑफ इंटेंट’वर (नेमण्याचा नुसता इरादा सांगणारं पत्र) किंवा फोनवरच्या ‘कन्फर्म आहे, टाका पेपर’वर अजिबात नाही. मेलमध्ये राजीनाम्याची तारीख आणि नोटीस पिरियड धरून येणारी शेवटची तारीख, दोन्ही लिहा. ९० दिवसांचा नोटीस कमी करून हवा असेल तर बायआउटचा (उरलेल्या नोटीसच्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटण्याचा) दर बेसिकवर आहे की ग्रॉसवर, म्हणजे कपातीआधीच्या पूर्ण पगारावर, हे आपल्या जुन्या नेमणूकपत्रात बघा, रक्कम दुप्पट होऊ शकते. नवी कंपनी बायआउट भरून देते म्हणाली तरी ती रक्कम बहुधा पगारात मिळवून देतात आणि त्यावर कर कापतात. नोटीसमध्ये घेतलेली रजा काही ठिकाणी शेवटची तारीख तेवढीच पुढे ढकलते.

तारखांचा घोळ सगळ्यात महाग पडतो. जुन्या कंपनीतली शेवटची तारीख आणि नवीकडची रुजू होण्याची तारीख एकमेकींवर चढली, तर पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीत ते दिसतं आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले दोन नोकऱ्यांचा प्रश्न काढतात. मध्ये फट राहिली तर वेगळाच त्रास, कारण कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. आईवडील त्यात असतील तर वेगळी पॉलिसी आधीच काढून ठेवा. नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो.

आर्थिक वर्षाच्या मध्यात बदललंत तर आधीच्या पगाराचा आणि टीडीएसचा तपशील नव्या पेरोलला द्या. नाही दिलात, तर दोन्ही कंपन्या ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन आणि करमुक्त ४ लाखांचा पहिला टप्पा वेगवेगळा धरतात. कर कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना फरक व्याजासकट निघतो.

शेवटच्या आठवड्यात पगार स्लिप्स, जुने फॉर्म १६, नेमणूकपत्र आणि वाढीची पत्रं स्वतःच्या मेलवर घ्या. पोर्टलचा अ‍ॅक्सेस शेवटच्या दिवशी संध्याकाळीच जातो. कोड मात्र एक ओळही नाही, ‘माझाच तर आहे’ म्हणूनसुद्धा नाही. लॅपटॉप कुरिअरने पाठवणार असाल तर सीरियल नंबर दिसेल असा फोटो काढा आणि पावती जपा. नाहीतर फुल अँड फायनलमध्ये (नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशेब) त्याची किंमत वजा झालेली दिसेल.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. सलग पाच वर्षं न भरता काढलेल्या रकमेवर कर लागतो. नव्या कंपनीला जुना यूएएनच (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) द्या. जुन्या कंपनीने एक्झिट डेट टाकली नसेल, तर शेवटच्या जमेनंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर स्वतः टाकता येते. जुन्या कंपनीची स्वतःची पीएफ ट्रस्ट असेल तर तिच्याकडून अ‍ॅनेक्शर के (पीएफ खात्याच्या तपशिलाचं पत्र) गेल्याशिवाय पैसे हलत नाहीत, त्याची आठवण मेलवर करत राहा.