या चुका टाळा: ताण मोजायला जाता आणि रक्तक्षय मोजून येता

मराठवाड्यात मानसशास्त्राच्या एम.ए.चा किंवा पीएच.डी.चा विषय ठरवताना 'मधुमेह आणि नैराश्य', 'रक्तदाब आणि ताणतणाव', 'शेतकऱ्यांमधील चिंता व शारीरिक तक्रारी' अशी नावं हल्ली वरचेवर पुढे येतात. विषय गरजेचे आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या ओपीडीत किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात थोडा वेळ बसलं तरी दिसतं की मनाचा आजार वेगळा आणि शरीराचा वेगळा अशा दोन रांगा लावून माणसं येत नाहीत. बाई सांगते, "डोस्कं जड पडतंय, हातापायाला मुंग्या येतात, जीव घाबरल्यावानी होतंय." यात मनाचं किती आणि शरीराचं किती, हाच आपला प्रश्न असतो आणि अभ्यास फसतो तोही इथेच. फसलेला प्रबंध कपाटात पडून राहिला तर एक वेळ चालेल. पण त्याच्या आधारावर 'या बायकांना टेन्शनच आहे' असं कुणी ठरवून टाकलं, की त्या बाईचं हिमोग्लोबिन तपासायचं राहून जातं. माझी काळजी ही आहे.

शरीराची लक्षणं नैराश्याच्या खात्यात टाकणं

सगळ्यांत मोठी चूक ही, म्हणून इथे जरा थांबू. आपल्याकडे सर्रास वापरली जाते ती पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली. प्रश्न ९, विचारायचं गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा त्याहून जास्त गुण आले की पुढची तपासणी हवी, असा सर्वसाधारण संकेत आहे. या ९ प्रश्नांपैकी तीन झोप, थकवा आणि भूक यांचे आहेत. आता साखर वाढलेला पन्नाशीचा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. रात्री तीन-चारदा लघवीला उठतो, झोप मोडते, दिवसभर अंगात त्राण नसतं, भूक कधी फार लागते तर कधी मरते. या तिन्ही प्रश्नांना त्याने 'जवळजवळ रोज' म्हटलं की झाले ९ गुण. मन जराही उदास नसताना माणूस उंबरठ्यावर येऊन बसला! एकाग्रतेच्या प्रश्नाला एक गुण मिळाला की तुमच्या तक्त्यात तो 'नैराश्यग्रस्त'.

बायकांच्या बाबतीत हे आणखी गंभीर होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्त कमी असलं की थकवा येतो, धडधडतं, चक्कर येते. थायरॉइड मंदावलं की माणूस सुस्त आणि उदास दिसतो, वाढलं की हात थरथरतात आणि झोप उडते. बी-१२ कमी असलं की मुंग्या येतात. कापसाच्या पट्ट्यात फवारणीच्या दिवसांत गेलात तर डोकेदुखी, घाम, चक्कर, हाताचा कंप ही लक्षणं कीटकनाशकाचीही असू शकतात, आणि चिंतेच्या प्रश्नावलीत नेमकी हीच विचारलेली असतात.

उपाय अवघड नाही. रुग्णाच्या फाइलमधून हिमोग्लोबिन आणि थायरॉइडचे आकडे परवानगीने उतरवून घ्या. शेवटची फवारणी कधी केली, ते विचारा. रुग्णालयातल्या रुग्णांवर काम करणार असाल तर झिगमंड आणि स्नेथ यांची १९८३ ची, चिंता आणि नैराश्य मोजणारी १४ प्रश्नांची मापनी (एचएडीएस) पाहा. ती रुग्णालयातल्या माणसांसाठीच बनवलेली असल्याने शरीराची लक्षणं तिच्यात मुद्दाम टाळली आहेत. तिच्या वापरासाठी परवाना लागतो, तेवढं ध्यानात असू द्या.

डेटा आधीच गोळा झाला असेल तरी सगळं वाया गेलेलं नाही. झोप, थकवा, भूक हे तीन प्रश्न वगळून गुणांची बेरीज पुन्हा करा आणि साखरेशी (किंवा तुम्ही मोजलेल्या शारीरिक आकड्याशी) तिचा सहसंबंध परत काढा. पहिले दोन प्रश्न (कशातच रस न वाटणं आणि उदास वाटणं) वेगळे काढूनही पाहा. त्या दोघांची मिळून एक छोटी चाचणीच आहे, ६ पैकी ३ गुणांना संकेत मानणारी. एवढं केल्यावर साखरेशी असलेला संबंध विरून गेला, तर प्रबंधात तसंच लिहा. तो निष्कर्ष कमी मोलाचा नाही.

'सिगारेट ओढता का?' एवढंच विचारणं

इंग्रजी प्रश्नावलीतून हा प्रश्न जसाच्या तसा येतो आणि गावात सगळे 'नाही' म्हणतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा, खर्रा ही नावं घेऊन विचारा. निकोटिनने नाडी आणि रक्तदाब वाढतो. ते विचारलंच नाही तर वाढलेल्या बीपीचा सगळा दोष ताणावर जातो.

बीपी मोजतानाही घाई नडते. पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, हात हृदयाच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. दोनदा मोजून सरासरी घ्या. कर्जाबद्दल, मुलीच्या लग्नाबद्दल प्रश्न विचारून झाल्यावर लगेच पट्टा बांधलात, तर ते मोजमाप त्या माणसाचं नसतं, तुमच्या प्रश्नांचं असतं. बीपी आधी, प्रश्न नंतर.

गाव रिकामं असताना गावाचा अभ्यास

बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेऊन नवराबायकोचा 'कोयता' कारखान्याच्या वाटेला लागतो तो उन्हाळा लागेपर्यंत परतत नाही. परीक्षेच्या वेळापत्रकानुसार जानेवारीत डेटा गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याला गावात भेटतात म्हातारी माणसं, शाळकरी मुलं आणि ज्यांची शेती बरी आहे अशी घरं. ज्यांच्या कंबरेवर, झोपेवर, मनावर सगळ्यात जास्त भार आहे, ते तुमच्या नमुन्यात नाहीतच. महिना आणि हंगाम प्रबंधात लिहा. शक्य असेल तर टोळ्या परतल्यावर दुसरी फेरी करा.

ऊसतोड करणाऱ्या बायकांशी बोलणार असाल तर आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी, आणि ती बाई संशोधकाने विचारावी. पिशवी काढली आहे का? बीडमधल्या गर्भाशय शस्त्रक्रियांबद्दल २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले असतील तर तिशीतच पाळी गेल्याची लक्षणं सुरू होतात. अंगातून वाफा, घाम, धडधड, रात्रभर जाग. चिंतेच्या मापनीवर हे सगळं 'तीव्र' म्हणून उमटतं. ही माहिती न घेता तिला चिंताविकाराचं लेबल लावणं हा तिच्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय आहे, असं मला वाटतं.

'मुळे' हा शब्द

एकदाच भेटून भरलेल्या प्रश्नावलीवरून 'नैराश्यामुळे साखर वाढते' असं लिहिता येत नाही. साखर वाढल्यानेही मन खचतं, आणि कर्ज दोन्ही बिघडवतं. रक्ताच्या एचबीए१सी चाचणीतून कळणारी तीन महिन्यांची सरासरी साखर आणि प्रश्नावलीतलं दोन आठवड्यांचं मन यांचा काळही जुळत नाही. शिवाय लोह कमी असलं की तीन महिन्यांच्या साखरेचा आकडाच चढा येऊ शकतो.

मन-शरीराचं नातं खोटं आहे, असं मुळीच नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या बायकांची छोटी जखम इतर बायकांपेक्षा सरासरी ९ दिवस उशिरा भरली, हे किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात (२००४) ताण आणि हृदयविकाराचा झटका यांचा संबंध ठळकपणे आढळला. पण २००३ चा एनरिच्ड प्रयोगही वाचा. झटका येऊन गेलेल्या २,४८१ रुग्णांपैकी निम्म्यांना नैराश्य आणि एकटेपणासाठी मानसोपचार दिले. नैराश्य कमी झालं, मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके मात्र कमी झाले नाहीत. संबंध असणं आणि एकाला हात लावल्यावर दुसरं सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नैराश्य कमी होणं हेच मोठं आहे, त्याला हृदयाच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

संदर्भ घेताना दोन ठिकाणी सावध राहा. स्वभावावरून कर्करोग होतो असं सांगणारे मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांचे जुने निबंध अजून पाठ्यपुस्तकांतून प्रबंधांत उतरतात. त्यांच्याच किंग्ज कॉलेज लंडनच्या चौकशीत २०१९ मध्ये त्यांचे २६ शोधनिबंध 'असुरक्षित', म्हणजे भरवसा ठेवू नये असे, ठरले. दुसरं, २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. त्यातली टक्केवारी 'मराठवाड्यातील प्रमाण' म्हणून लिहू नका.

सासू शेजारी बसलेली असताना नववा प्रश्न

पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. घरच्यांसमोर विचारलात तर उत्तर शून्यच येणार. आडोसा शोधा, अक्षरओळख नसेल तर स्वतः वाचून दाखवा, प्रश्न गाळू नका. विचारल्याने असा विचार मनात रुजतो ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही.

पण उत्तर 'हो' आलं तर त्याच दिवशी काय करणार, हे ठरलेलं नसताना गावात जाऊच नका. कागद भरून घेऊन निघून येणं अक्षम्य आहे. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाशी आधी बोलून ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, तो तिथेच, तुमच्याच फोनवरून जोडून द्या. अशा वेळी गोपनीयता बाजूला ठेवून घरातल्या विश्वासू माणसाला सांगावं लागेल, हे संमतिपत्रात आधीच लिहिलेलं असावं. त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि घरातला कीटकनाशकाचा डबा कुलपात किंवा दुसऱ्याकडे ठेवायला लावा. निदान मात्र करू नका. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीशिवाय एम.ए.चा विद्यार्थी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नसतो. 'गुण १० किंवा अधिक' एवढंच लिहायचं आणि माणसाला डॉक्टरपर्यंत पोचवायचं. हा सगळा आराखडा मार्गदर्शकांच्या आणि नैतिकता समितीच्या सहीने हातात आल्यावरच प्रश्नावल्या छापायला द्या.