घरातल्या ऑफिससाठी काचेचं पार्टिशन: आधी माप, मग काच

हॉलचा एक कोपरा बंद करून ऑफिस करायचंय पण उजेड अडवायचा नाही, तर काचेचं पार्टिशन खरंच मस्त पर्याय आहे. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, टफन्ड काच (भट्टीत तापवून मजबूत केलेली काच) एकदा भट्टीतून बाहेर आली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासून कमी करता येत नाही, तसं करायला गेलं की अख्ख्या काचेचा चुरा होतो. म्हणजे ५ एमएम जास्त झाली की ती काच गेली, नवीनच बनवावी लागणार. हँडलची, बिजागरीची, लॉकची भोकं पण ऑर्डर देतानाच सांगायची असतात. म्हणून खरी मेहनत मापात आणि चॅनलमध्ये (काचेची कड जिच्यात बसते ती धातूची खाचेची पट्टी) घ्या, काच उभी करणं त्यामानाने पटकन होतं.

साधी काच अजिबात घेऊ नका. टफन्ड काच साध्यापेक्षा ४ ते ५ पट मजबूत असते आणि फुटलीच तर लांब धारदार सुऱ्यांसारखे तुकडे न होता बारीक बोथट दाणे होतात. खोलीच्या नेहमीच्या उंचीला १० किंवा १२ एमएम जाडी चालते. फोन कॉल्स खूप असतील तर लॅमिनेटेड बघा, त्यात दोन काचांच्या मधे पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो आवाज जरा जास्त अडवतो आणि काच फुटली तरी तुकडे त्याला चिकटून राहतात.

आता जागा नीट बघा. वर फॉल्स सिलिंग असेल तर नुसत्या जिप्सम बोर्डात स्क्रू मारून चॅनल टिकणार नाही, स्क्रूला स्लॅब तरी पाहिजे नाहीतर बोर्डामागे पक्की फ्रेम. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत पाइप असू शकतात, स्विचबोर्डच्या वर-खाली वायर असते, भिंतीतले पाइप-वायर शोधणारा डिटेक्टर फिरवल्याशिवाय ड्रिल लावू नका. आणि हवेचा विचार बरेच जण विसरतात, खिडकी, पंखा, एसी सगळं पार्टिशनच्या एकाच बाजूला राहिलं तर दुसऱ्या बाजूला गुदमरायला होतं. प्लग पॉइंट वाढवायचे असतील तर तेही आत्ताच, काच बसल्यावर भिंत फोडणं नको.

माप घेताना उंची आणि रुंदी दोन्ही तीन-तीन ठिकाणी मोजा, दोन्ही टोकांना आणि मधे, आणि सगळ्यात लहान आकडा धरा. ओळंबा किंवा लेझर लावून भिंत सरळ आहे का बघा, बहुतेक नसतेच. काच उंचीपेक्षा नेहमी कमी मागवायची असते, कारण ती आधी वरच्या चॅनलमध्ये घालून मग खाली उतरवायची असते आणि म्हणूनच वरचं चॅनल खोल आणि खालचं उथळ घेतात. समजा फरशीपासून छत २४०० एमएम आहे, वरचं चॅनल ४० खोल, खालचं २०, तर काच साधारण २३७० ची. खाली रबरावर बसल्यावर वर अजून १५-१७ एमएम चॅनलमध्ये राहते. तुमच्या चॅनलची खोली वेगळी असेल तर हा हिशोब कागदावर परत मांडा, आणि जमलं तर चॅनल बसवून झाल्यावरच काचेचं फायनल माप द्या. थोडे दिवस थांबावं लागतं पण मन निश्चिंत राहतं.

चॅनल बसवायचं तर आधी लेझरने जमिनीवर, भिंतीवर, छतावर एकच रेष मारून घ्या. फरशीला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर मोड (ठोके मारत फिरणं) बंद ठेवा, फरशी पार झाली की मग चालू करा, नाहीतर टाइल तडकते. भोकातली धूळ साफ करून रावल प्लग (स्क्रू घट्ट धरणारी प्लास्टिकची नळी) टाका, स्क्रू साधारण ३०० ते ४०० एमएमवर.

काच एकट्याने उचलायची हिंमत करू नका. १० एमएम काच एका चौरस मीटरला २५ किलो भरते, म्हणजे ९०० बाय २३७० चं एक पॅनल ५३ किलोच्या आसपास! दोन-तीन जण, हातमोजे, बूट आणि सक्शनचे हँडल पाहिजेतच. टफन्डचं मधलं अंग दणकट पण कडा आणि कोपरे नाजूक, टाइलवर कोपरा टेकला तरी फुटू शकते, त्यामुळे भिंतीला टेकवताना खाली लाकडी पट्ट्या किंवा रबर ठेवा. खालच्या चॅनलमध्ये प्रत्येक पॅनलला दोन रबरी ठोकळे ठेवा, दोन्ही टोकांपासून पॅनलच्या रुंदीच्या पाव अंतरावर. काच धातूला कुठेच थेट टेकली नाही पाहिजे.

दोन पॅनलमधे २-३ एमएम फट ठेवून तिथे पारदर्शक सिलिकॉन भरा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, बोट एकदाच सलग फिरवा आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप काढा. लॅमिनेटेड असेल तर न्यूट्रल सिलिकॉनच घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मधल्या थराला खराब करतं. नंतर निदान २४ तास कोणी हात लावू नका.

दरवाज्याला फ्लोअर स्प्रिंग (दार आपोआप बंद करणारी, जमिनीत पुरायची स्प्रिंगची पेटी) लावायचा तर जमीन खोदावी लागते, ते नको असेल तर हायड्रॉलिक पॅच (तेच काम करणारी, काचेच्या खालच्या कोपऱ्याला बसणारी पकड) घ्या. स्लायडिंगने जागा वाचते पण कडेच्या फटीतून आवाज येतोच, कॉल्सवाल्यांनी उघडणारा दरवाजा घ्यावा, कडांना सील आणि खाली ब्रश पट्टी लावावी. काचेची जाडी वाढवण्यापेक्षा या फटी बुजवल्याने जास्त फरक पडतो. आतमध्ये आवाज घुमत असेल तर जाड पडदा, गालिचा, पुस्तकांचं कपाट ठेवा.

शेवटी डोळ्यांच्या उंचीवर फ्रॉस्टेड फिल्मचा पट्टा नक्की लावा, घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या उंचीवरही एक, स्वच्छ पुसलेली काच पळत येणाऱ्याला खरंच दिसत नाही.